कणकेतला देव आणि श्रूजबरीचं हिमवादळ

देव या शब्दाची मला चीड होती आणि ती मी कधी लपवली नाही. नागपुरात आमच्या घरी देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. सकाळी त्रिसरण म्हणायचं, पण आकाशातल्या कुणापुढे हात पसरायचे नाहीत, ही बाबांची शिकवण. आणि मॅसॅच्युसेट्सला येऊन मी शिकत काय होते, तर तीनशे वर्षांपूर्वी इथे येऊन वसलेल्या प्युरिटनांची, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथीयांची, धार्मिक कविता! त्या कवितेत देव सूत काततो, घर झाडतो, पीठ मळतो. माझ्या प्रबंधाचा सूर ठरलेला होता. वेगळ्या मताच्या माणसांना ज्यांनी गावाबाहेर हाकललं, त्यांनी देवाच्या हातात झाडू द्यावा हे ढोंग आहे. माझ्या आजीने जन्मभर दुसऱ्यांची अंगणं झाडली. झाडूत देव असता तर तिला आधी दिसला असता, असं मी टाइप केलं होतं. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही राहतो त्या श्रूजबरी गावात सकाळपासून हिमवादळ होतं. दुपारी माझी दीड वर्षांची सुजाता झोपेतून उठली ती खोकतच. खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज. प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जायची. वीज गेलेली, पण फोन चालू होता. अँब्युलन्सवाले म्हणाले, रस्त्यांवर कमरेइतका बर्फ आहे, येतोय पण वेळ लागेल. मग वूस्टरला लॅबमध्ये अडकलेल्या नवऱ्याला फोन केला.

"अगं, हायवे क्लोज केलाय यार, निघूच देत नाहीयेत! तू विक्स चोळ. आणि वारा लागू देऊ नकोस तिला."

माझी आई जे करत आली तेच मी केलं. खिडक्या घट्ट लावल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबले. सुजाताला दोन स्वेटर आणि कानटोपी घातली, गॅसवर तवा ठेवून ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली. जितकी ऊब वाढवावी तितका श्वास जड होत होता. तिचे ओठ करडे दिसायला लागले तेव्हा मी हातातली पुरचुंडी टाकली. रडायलाही येईना. नजर ओट्यावर खिळली. परातीत मळून ठेवलेली कणीक, तिच्यावर माझ्याच बोटांचे ठसे. त्या कणकेकडे बघत मी म्हटलं, "हिला ठेव." कुणाला म्हटलं, मला ठाऊक नाही.

थोड्याच वेळात दार वाजलं. शेजारच्या होल्डनबाई, सत्तरी ओलांडलेल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. कुंपणाशी उभं राहून मी त्यांच्याशी देवावरून कितीदा भांडले होते! त्यांच्या हातात मी खाऊ भरून दिलेला माझा स्टीलचा डबा होता. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं.

"तुझ्या त्या नियमानं तीन आठवडे छळलं मला," त्या हसत म्हणाल्या. "आज कुठे जाता येईना, म्हणून लाकडाच्या शेगडीवर ब्रेड भाजला. घे बाई, सोडव मला."

तेवढ्यात त्यांना सुजाताचा श्वास ऐकू आला. हसू गेलं. डबा खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"तिला इकडे दे. बाहेर नेते."

"बाहेर? बर्फात? मरेल ती!"

"मुली, मी पाच वाढवलीत आणि एक पुरलंय. हा खोकला मला माहीत आहे. दे."

मी लेकराला छातीशी घट्ट आवळलं. या बाईचा देव मला मान्य नव्हता. तिच्या औषधाला माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता. आणि माझे सगळे उपाय संपले होते. मी हात सैल सोडले.

त्यांनी कानटोपी काढली, सुजाताला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, तोंड तेवढं उघडं ठेवलं आणि पोर्चवर जाऊन उभ्या राहिल्या. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी उंबऱ्यात उभी राहून एकेक श्वास ऐकत होते. शिट्टी. पुन्हा शिट्टी. मग थोडी मऊ. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण सुजाताने रडायला तोंड उघडलं आणि पूर्ण, मोकळं रडली. ते रडणं ऐकून मी तिथेच खाली बसले.

अँब्युलन्स आली तेव्हा तिचे ओठ गुलाबी होते. त्यातला माणूस म्हणाला, थंड हवेने गळ्याची सूज उतरते. कोंडून ठेवलं ते चुकलं.

बाबांना एअरोग्रामवर सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "थंड हवेने सूज उतरली. यात देव कुठे आला?" कुठेच नाही, बाबा. मी आजही हात जोडायला कुठल्या मूर्तीसमोर गेलेली नाही. पण प्रबंधातलं ते प्रकरण मी फाडून नव्याने लिहिते आहे. ढोंग तेव्हाही होतं, हे मी खोडणार नाही. पण त्याच गावांत अशाच हिवाळ्यांत लेकरं पुरलेल्या बायकाही होत्या. भीतीने त्यांना दुसरं काही दिसत नसेल तेव्हा समोर पीठच असणार. त्यांनी पिठालाच हाक मारली. मीही मारली.

त्रिसरण मी लहानपणापासून रोज म्हणत आले. शरण जाणं म्हणजे वाकणं नव्हे, असं ठासून भाषणात सांगत आले. त्या दुपारी मी वाकलेही नव्हते. जिला मी चूक ठरवलं होतं, तिच्या हातात माझं लेकरू दिलं, एवढंच. त्याहून मोठं मी आयुष्यात काही केलेलं नाही. आणि तेही, खरं सांगायचं तर, माझ्याकडून करवून घेतलं गेलं.