अंगठे बांधणारी अनुसयाबाई

अनुसयाबाई वॉर्डात शिरली की खाटंवरचे पेशंट पाय पोटाशी घ्यायचे. उन्हाळा असो, घामाच्या धारा लागलेल्या असोत, पाय चादरीखाली. नवं कोणी असलं तर शेजारचा त्याला डोळ्यानं खुणवायचा, झाक लेका, झाक. कारण असं, की आमच्या सरकारी दवाखान्यात कोणी मेलं की त्याचे डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची अन् पायाचे दोन्ही अंगठे चिंधीनं जोडून बांधायचे, हे काम तिचं. चिंधी कायम कमरंला खोवलेली.

गावाचं नाव इचारू नका. मी बाबूसिंग, या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर. तिच्या बराबर नोकरी केली, म्हणून सांगायचा हक्क हाय. राग बी हाय, तो मधी मधी येणार, ऐकून घ्या.

बाई कुरुंद्याची, हळदीच्या गावची. लहानपणापासून हळदीच्या कढईपाशी राबलेली, दंड असे की पैलवानानं लाजावं. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी ही दवाखान्यात मावशी म्हणून लागली. बाळंतिणीचं करायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची घाण काढायची, कधी नाक मुरडलं न्हाई. पण लोकांच्या ध्यानात काय राहिलं? अंगठे. गल्लीत कोणाला ताप आला अन् ही इचारायला गेली तर लोक दार लोटून घ्यायचे. बारशाचं बलावणं न्हाई. सख्ख्या पुतणीच्या लग्नात जावेनं तोंडावर सांगितलं, "हळदीला नका येऊ, अक्षदालाच या." कुरुंद्याच्या लेकीला हळदीला मनाई! मी असतो तर मांडव उपटला असता. ही मात्र हसायची. म्हणायची, "यमाची मावशी हाय मी, बाबूसिंग. मला मानानं बलवावं लागतं, न्हाई तं भाचा रुसंल."

अन् मंग ते ट्रेनिंग आलं. बंद पडलेलं हृदय पुन्ना कसं चालू करायचं, त्याचं. जिल्ह्याहून मोहिनी मॅडम आल्या, संगट एक रबराची बाहुली. डोकं अन् छाती, बाकी काहीच न्हाई. डॉक्टर, सिस्टर, मावश्या, मी, समद्यांना एका रांगेत बसवलं. अनुसयाबाई बाहुलीकडं बघून म्हणली, "अगं बया, हिला पायच न्हाईत. मी काय बांधू?" सगळे हसले. मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, "मावशी, आज बांधायचं न्हाई, जाणाऱ्याला थांबवायचं शिकायचं."

मॅडमनं दाखवलं, छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, जोरात अन् भराभर दाबायचं. मऊ गादीवर दाबलं तर जोर गादीच खाऊन टाकते, म्हणून पाठीखाली फळी पाहिजे, न्हाई तं सरळ भुईवर घ्यायचं. अन् माणूस घोरल्यावानी आचके देऊन राहिला तर फसू नका, तो श्वास न्हाई. बराबर दाबलं की बाहुली टक करायची. माझी टकटक लवकरच बंद पडली, धाप लागली. सपना सिस्टरचे हात भरून आले. अनुसयाबाई मात्र ज्वारीचं पीठ मळल्यावानी दाबत राहिली, टक, टक, टक. मॅडम म्हणल्या, "असे हात पाहिजेत. सगळे वाचत न्हाईत, हे खरं. पण हात लावलाच न्हाई तर कोणीच वाचत न्हाई. पहिली पाच-सात मिनिटं डॉक्टरची नसतात, जो जवळ असंल त्याची असतात."

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती, तळहात उलटेपालटे करून बघत. म्हणली, "बाबूसिंग, एवढ्या जणांचे अंगठे बांधले. एक, एकच माणूस माझ्या हातून उठून आपल्या पायानं घरी जावा. मंग लोक मला हळदीला बलावतेत का न्हाई, बघ." मी कप पुढं केला. चहा घे म्हणलं.

पोळ्यानंतरची गोष्ट. साखऱ्याचा हनुमान, शेळ्यामेंढ्यांवाला, ऐन तिशीतला. छातीत जळजळ होऊन राहिली म्हणून घरच्यांनी आधी सोडा पाजला, मंग दवाखान्यात आणलं. संगट बायको राधिका अन् भाऊ प्रभू. डॉक्टरनं छातीला तारा लावून मशीनची पट्टी काढली, बघितली अन् त्यांचा चेहराच उतरला. नांदेडला हलवा म्हणले, लगेच. मला गाडी लावायला सांगितलं. तेवढ्यात एका बाळंतिणीचं अडलं, पोटातल्या लेकराचे ठोके कमी झाले. डॉक्टर अन् सपना सिस्टर ऑपरेशनला पळाले. जाता जाता डॉक्टर म्हणले, "मावशी, याच्यापासून हलू नका."

ती खाटेपाशी येऊन उभी राहिली, तसं राधिकानं नवऱ्याचे पाय चादरीत गुंडाळले. हनुमानच हसला, "काहून घाबरती? मावशीला दुसरं बी काम असंल की." मी स्ट्रेचर घेऊन दारात आलो होतो. माझ्या डोळ्यादेखत त्यानं पाणी मागितलं, अन् गिलास हातात यायच्या आधी मान टाकली. डोळे वर गेले. घशातून घर्रर्र, घर्रर्र आवाज यायला लागला.

अनुसयाबाईनं हाक मारली, गाल थापटले. मंग माझ्याकडं बघून वरडली, "डॉक्टरला बलाव! पळ! अन् तुमी याला भुईवर घ्या!"

मी पळालो. मला वाटलं, मागं तिचे हात चालू झाले असतील.

आता हे बघा. आमच्याकडं माणसाला खाटंवरून भुईवर कवा घेतात? जीव जाताना. दवाखान्याच्या खाटा झोळीवानी खचलेल्या, फळी कुठं जाऊन पडलेली, म्हणून ती भुईवर घ्या म्हणली. पण ऐकणाऱ्याला काय दिसलं? अंगठे बांधणारी बाई आली अन् जित्या माणसाला खाली घ्या म्हणती.

ऑपरेशनच्या दारातून डॉक्टर वरडले, "मावशीला दाबत राहा म्हणा, आलोच!" त्यांच्या हातात बाळ अर्धं बाहेर आलेलं, सोडून कसे येतील? मी तसाच उलटा पळालो. अन् बघतो तर अनुसयाबाई भिंतीला. प्रभूनं तिचे दोन्ही हात धरलेले. राधिका नवऱ्याच्या छातीवर आडवी पडून किंचाळत होती, "हात लावू नगा! घोरून राहिलेत, जित्ते हायेत! हिला बाहेर काढा!" अनुसयाबाई रडत होती, "सोड रे लेकरा, सोड, येळ जाऊन राहिला!" मी प्रभूला ओढलं. वॉर्डातल्या दोघांनी मलाच मागं खेचलं. घरघर कमी होत गेली. मंग बंद.

बाळ-बाळंतीण भुलीच्या डॉक्टरवर सोपवून डॉक्टर अन् सिस्टर रक्ताच्या हातमोज्यानिशी पळत आले. हनुमानला खाली घेतलं. डॉक्टरनं दाबलं, सिस्टरनं दाबलं, म्या दाबलं, शेवटी अनुसयाबाईनं दाबलं. किती दाबलं! तिचे ते हात, आता कोणी अडवत नव्हतं. अन् आता उपेग नव्हता.

डॉक्टर उठले. राधिकाचा हंबरडा ऐकवत नव्हता. अन् तो प्रभू, तोच प्रभू, खाली मान घालून म्हणला, "मावशी... ते अंगठे..."

माझं टाळकंच सटकलं. "तवा हात धरले, आता काहून बलावता रे?" अनुसयाबाईनं हातानंच मला मागं सारलं. तिनं कमरंची चिंधी काढली. हनुमानच्या पायाची धूळ पदरानं पुसली अन् अंगठे बांधले.

तवा राधिकानं तिचा हात धरला. "मावशी, खरं सांगा. म्या तुमाला हात लावू दिला असता तर... वाचले असते का?"

समदा वॉर्ड ऐकत होता. मला मोहिनी मॅडमचं ते पाच-सात मिनिटांचं बोलणं आठवलं, तिला बी आठवलं असंल. ती म्हणली, "न्हाई माय. म्या खाटेपाशी आले तवाच आतून त्यो गेला होता, नुसता वरवर बोलत होता. तुझा काही कसूर न्हाई."

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "खोटं काहून बोलली? तुझ्याच हातानं तुझ्या पायावर धोंडा घातला!"

"तिला अजून समदा जलम काढायचाय, बाबूसिंग. मला लोक म्हणतेतच, अजून म्हणू द्या."

अन् म्हणतात. साखऱ्यापासून औंढ्यापर्यंत म्हणतात, बाई सोताच कबूल झाली, ती आली तवाच माणूस गेला. आता तर ती नुसती व्हरांड्यातून गेली तरी वॉर्डात चादरी हलतात.

गेल्या आठवड्यात माझ्याच छातीत कळ आली. पट्टी काढली, गोळ्या चालू हायेत. दुपारी आडवा पडलो होतो तवा बायकोला बजावलं, मी पडलो तर रडत बसू नको. भुईवर घे अन् पहिले अनुसयाबाईला बलाव, घर जवळच हाय तिचं.

बायको उठली, अन् गोधडी ओढून माझे पाय झाकले.