लोण्याचे हंस

अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, नातीच्या लग्नात बुफेवर सोनेरी पाटी होती : ‘स्मॉर्गसबोर्ड’. स्वीडिश लोकांनी या शब्दात लोणी, हंस आणि टेबल एकत्र बसवले आहेत. ताक घुसळताना वर येणारे लोण्याचे गोळे तिकडे कुणाला पोहणाऱ्या हंसांसारखे दिसले म्हणे. एवढ्या थाटात लोणी मात्र कोपऱ्यातल्या एका वाटीत होते.

अक्का ताक करायची तेव्हा पहिला गोळा माझ्या तळहातावर ठेवायची. हल्ली ती माणसे विसरते. मी तिला मुद्दाम त्या वाटीपाशी नेले. तिने बोटांनी गोळा उचलला, माझा हात ओढला आणि तळहातावर ठेवला. माझे डोळे भरून आले.

“घ्या,” ती म्हणाली, “आमच्या धाकट्याला फार आवडायचं. तुम्ही मुलाकडचे ना?”