पोकळ वजनाची साक्ष: बोथ ते इंद्रवेल्ली

सुंद्राबाईचा फोन आला तेव्हा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. "गोदे, रविवारी ये वं. साक्ष द्यायची हाय," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आमच्या भागात साक्ष म्हणजे गवाही, आणि गवाही म्हणजे तहसील. मला वाटलं, तिच्या पोरीच्या शेताच्या बांधावरून काहीतरी पेटलं. म्हणून मी आधार कार्ड घेतलं, दोन फोटो घेतले आणि अंगठा साबणानं घासून ठेवला. भाजीचे डाग असले की ठसा नीट उठत नाही.

रविवारी तहसील बंद असते हे माझ्या नातीला, पल्लवीला, बसमध्ये बसल्यावर आठवलं. हे सगळं तीच टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

तुम्हाला जायचं असेल तर सांगून ठेवते. बोथहून सकाळची पहिली बस धरा आणि हायवेवरच्या फाट्यावर उतरा. तिथून आदिलाबादकडची कोणतीही बस गुडीहत्नूरला सोडते. गुडीहत्नूरला उटनूरची बस लागते, ती इंद्रवेल्लीवरून जाते. मधल्या वेळात स्टँडसमोर मिरचीभजी खा, वीस रुपयांत पोट भरतं, फक्त चटणी जपून. बायकांना आमच्या या तेलुगू राज्यात आधार दाखवला की झिरो तिकीट. पैसे न देता कागद हातात घेताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं. मी कंडक्टरला विचारलं, खरंच काही द्यायचं नाही का बापू? तो म्हणाला, अम्मा, तुम्ही मागच्या वेळीही हेच विचारलं होतं.

गुडीहत्नूर सुटलं की रस्ता वळणं घ्यायला लागतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका, मग साग सुरू. इंद्रवेल्लीच्या आधी पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या आदिवासींचा स्तूप दिसतो. बसमधल्या एका गोंड म्हातारीनं हात जोडले, मीही जोडले. इंद्रवेल्लीहून गावापर्यंत शेअर ऑटो, माणशी वीस. ऑटोत झिरो तिकीट चालत नाही. मी विचारून पाहिलं.

आता सुंद्राबाई कोण ते सांगते. बोथच्या बाजारात आम्ही दोघी तीस वर्षं शेजारी शेजारी बसून भाजी विकली. एक गोणपाट तिचं, एक माझं, आणि वजनांचा संच दोघींत एक. नवरा गेल्यावर ती लेकीकडे, लताकडे, राहायला गेली. लताच्या सासरचे येशूला मानणारे. हळूहळू सुंद्राही चर्चात जायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी तिनं बाप्तिस्मा घेतला. मला राग आला नव्हता. बाजारातली चेष्टेची जोडीदारीण गेली याचं मात्र वाईट वाटलं होतं.

दारात लतानं मला बाजूला घेतलं. सुंद्राच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी बुधवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि ही बाई नाही म्हणत होती. टेबलावर मेले तर थेट देवाच्या न्यायासमोर उभी राहीन, आणि माझी चांगली कामं कमी पडतील, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून महिनाभर तिचा चांगुलपणाचा सपाटा चालू होता. साड्या वाटून टाकल्या, चर्च दोनदा झाडायची, गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी. कुत्री जाड झाली, सुंद्रा वाळली.

आत ती खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "काय वं, तहसील इथंच भरवली का?"

ती हसली नाही. मग तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं की साक्ष म्हणजे चर्चात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. मी तिच्या चांगल्या कामांबद्दल बोलायचं होतं, कारण तीस वर्षं पाहणारी मीच. तुझ्या बाळंतपणात म्या दीड महिना तुझं दुकान सांभाळलं ते सांग, पुराच्या वर्षी उधार भाजी दिली ते सांग, असं बोटांवर मोजत तिनं मला पढवलं.

मी विचारलं, "अन् किलोचं वजन?"

तिनं दाराकडे पाहिलं. "ते सोडून सांग."

वजनाची गोष्ट अशी. जुन्या लोखंडी वजनांच्या बुडाला एक भोक असे, त्यात शिसं भरलेलं. माप बरोबर करायला ते असतं. आमच्या किलोच्या वजनातलं शिसं सुंद्रानं खिळ्यानं उकरून काढलं होतं. दिसायला किलो, तोलायला कमी. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी हसले होते आणि तेच वजन उचलून वांगी तोलली होती. पुढे बटनाचे काटे आले, वजन पेटीत गेलं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि निळ्या भिंती. चपला बाहेर, चटईवर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. गाणी तेलुगू, ढोलक आपल्यासारखी. पास्टर चाळिशीचे, त्यांना सगळे पास्टरगारू म्हणतात, गारू म्हणजे आपलं जी. ते तेलुगूत बोलायचे, पल्लवी माझ्या कानात मराठी करायची, आणि तिला कंटाळा आला की गाळायची. मग त्यांनी मला उभं केलं.

हातात माइक आला. समोर सुंद्रा, पदर तोंडाशी धरून. खोटं बोलले असते तर त्या बाईच्या पारड्यात आणखी एक खोटं माझ्याकडून पडलं असतं. खरं बोलले असते तर बुधवारच्या आधीच ती मेली असती. मी बाळंतपणाचं सांगितलं, पुराचं सांगितलं. ते खरंच होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "मी मात्र तितकी चांगली नव्हती. मी कितीतरी वर्षं पोकळ वजनानं भाजी विकली."

पल्लवीनं भाषांतर थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

सुंद्रा भिंतीला हात लावत उठली. "वजन माह्यं व्हतं," ती म्हणाली. "शिसं म्या काढलं. गोदीनं नाही."

पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारा खोकल्यासारखा हसला. तो पूर्वी बरीच वर्षं बोथजवळ राहायचा. मोडक्या मराठीत म्हणाला, "मला ठाऊक होतं. म्हणून तर तुमच्याकडे मी कोसरू मागायचो."

कोसरू तुम्हाला माहीत नसेल. भाजी तोलून झाली की गिऱ्हाईक वरून मूठभर मागतं, चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी. ती फुकटची मूठ म्हणजे कोसरू. शब्द तेलुगू, पण आमच्या बाजारात सगळ्या भाषांची माणसं तो वापरतात.

सगळे हसले. सुंद्रा तेवढी रडत होती. प्रार्थनेनंतर जेवण होतं, भात, पप्पू म्हणजे वरण, आणि वांग्याची भाजी, पोटभर आणि फुकट. पास्टरगारू आमच्या पंगतीत येऊन बसले, आणि पल्लवी मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होती. मी त्यांना म्हटलं, म्हणजे तुमची ती देवाची कृपा हा कोसरूच ना? आपण आपलं वजनाचं द्यायचं, कमी पडलं तर तो वरून मूठ टाकणार.

ते मान हलवत म्हणाले, "नाही अम्मा. कोसरू विकत घेणाऱ्याला मिळतो. इथं आपण काही विकतच घेतलं नाही. सगळाच कोसरू."

"मंग देवाच्या घरी तराजू कायले पाहिजे?"

"तराजू आहेच. आणि खरा आहे, शिशासकट. त्यावर सुंद्राअम्मा कमी पडते, मी पण पडतो. म्हणून आमच्या पारड्यात येशू स्वतः उतरला, असं आम्ही मानतो. आपण फक्त पिशवी उघडून धरायची."

सुंद्रा भात कालवायची थांबली होती. तिनं हळूच विचारलं, "मंग माह्या साड्या वाया गेल्या?"

"ज्यांना दिल्या त्या नेसल्या ना?" पास्टरगारू म्हणाले. "मग वाया कशा? फक्त देताना तुम्ही भीत होता. आता बऱ्या व्हा आणि न भिता द्या. मिळालंय म्हणून द्यायचं, मिळावं म्हणून नाही."

मला सगळं पटलं नाही. माझी सासू जन्मभर सरळ वजनानं विकत आली. तिच्या तराजूवर माशी बसली तरी ती उठवून मग तोलायची. मी विचारलं, ती आणि आम्ही एकाच रांगेत का? पास्टरगारूंनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, त्या तराजूत पुरं पडलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, पण तुमच्या सासूबाईंचं मी कोण सांगणार, तराजू माझ्या हातात नाही. उत्तर अर्धंच होतं, पण माणूस पूर्ण माहीत असल्याचं सोंग करत नव्हता, ते मला आवडलं.

निघताना सुंद्रानं पेटीतून ते वजन काढून माझ्या पिशवीत टाकलं. मी म्हटलं, बुधवारचं काय? ती म्हणाली, "जाते वं. मेली तर मेली, काटा तर त्याच्याच हातात हाय." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या चपलांना नावं ठेवली. तेव्हा मला खात्री पटली की ही दवाखान्यात जाणार.

परतीच्या बसला गर्दी होती, उभं राहून आलो. कंडक्टरनं झिरो तिकीट दिलं, मी काही न विचारता घेतलं.

बुधवारी दुपारी लताचा फोन आला. गाठ निघाली. सुंद्रा शुद्धीवर आली आणि तिनं पहिल्यांदा विचारलं की निळी साडी कोणाला गेली. लताला वाटलं परत मागते की काय. तर नाव ऐकून म्हणाली, तिच्यावर खुलते म्हणा, तिलाच राहू दे.

पोकळ वजन आता माझ्या देव्हाऱ्याच्या बाजूला आहे, वाऱ्यानं आपटू नये म्हणून ते दाराला लावते. माझे देव माझेच आहेत, ते काही बदलले नाहीत. पण पुढच्या बाजाराला पहिलं गिऱ्हाईक आलं, नेरडीगोंड्याचा एक मास्तर, तेव्हा काट्याला हात लावायच्या आधी मी त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली.

तो दचकला. जुडी बाहेर काढली, उलटीपालटी केली, हुंगली. "काऊन वं मावशी, सडली हाय का?"

"नाही जी," मी म्हटलं, "फुकटचं मिळालं तवा म्या बी असंच उलटून पाह्यलं व्हतं."