आमच्या वाडीचा कॅमेरा

लाखनीला आम्ही घर बांधलं ते हायवेपासून दोन गल्ल्या आत. माझी शाळेतली नोकरी संपली आणि त्याच वर्षी हेही तुमसरच्या राईस मिलमधून घरी बसले. मिलमध्ये हे मिस्त्री होते. घरी बसले असं आपलं म्हणायचं. महिना व्हायच्या आत यांनी घराच्या बाजूची रिकामी जागा खणून काढली आणि तिथे वाडी केली. वांगी, भेद्रं म्हणजे टमाटर, लवकीचा म्हणजे दुधीचा वेल, गोडनिंबाची म्हणजे कढीपत्त्याची एक मोठी कुंडी, आत भिंतीलगत एरंडी आणि गल्लीच्या बाजूला जास्वंद. मिलमधले पट्टे आणि बेअरिंग सांभाळले तशीच यांनी ती वाडी सांभाळली. रोज सकाळी प्रत्येक वांग्याला हात लावून बघायचे, जणू काही ते रात्रभर चालून गरम झालं असावं.

चोऱ्या वांग्यांपासून सुरू झाल्या. आधी दोन गेली, मग आठ. जास्वंदीला कळी दिसायची, फूल कधी दिसायचं नाही. मग गोडनिंब गेला, कुंडीसकट. ती कुंडी हलवायला आम्हा दोघांना जोर लावावा लागायचा, म्हणून यांना रागाबरोबर थोडं कौतुकही वाटलं. पण लवकी गेली तेव्हा मात्र हे जेवले नाहीत. ती बियाण्यासाठी राखलेली होती. वेलावरच सुकू दिलेली, लाकडासारखी टणक. यांनी तिच्या देठाला लाल चिंधी बांधून ठेवली होती, मी चुकून तोडू नये म्हणून.

"थे तर खाता बी येत नाई," हे म्हणाले. "नेली कायले?"

समोरच्या घरात एक बाई राहायच्या, आमच्याच वयाच्या. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून एकट्याच होत्या. आमच्याकडे काही चोरी झाली की सगळ्यात आधी त्या धावत यायच्या. फाटकात उभ्या राहून कपाळावर हात मारायच्या. "कसे लोक असतीन जी! देवाले तरी भ्यावं!" त्यांचं हळहळणं बघून आम्हालाच त्यांची समजूत घालावी लागायची.

मी म्हटलं, तारेचं नवीन कुंपण घालून घेऊ. यांना ते पटलं नाही. बत्तीस वर्षं भंगारातून मशिनी चालू ठेवलेला माणूस चार वांग्यांसाठी नवीन तार आणणार नव्हता. यांनी घरातले रिकामे डबे गोळा केले, त्यांत गिट्टी भरली आणि वाडीभोवती दोरीला बांधले. कोणी आत शिरलं की डबे वाजणार. डबे वाजले खरे. ट्रक गेला की वाजायचे, कावळा बसला की वाजायचे, आणि पहिल्याच दुपारी हे स्वतः त्या दोरीत पाय अडकून भेद्र्यांवर आडवे झाले तेव्हा तर सगळी गल्ली बाहेर आली. आठवड्याभरात आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो ऐकूच येईना. मग एका सकाळी डबेच गेले. गिट्टी तिथेच व्यवस्थित ओतून ठेवली होती आणि दोरी गुंडाळून फाटकाला अडकवली होती.

त्यानंतर यांनी कॅमेरा बनवला. पावडरचा एक लांबट डबा होता, त्याला काळा रंग दिला. पुढे बिघडलेल्या टॉर्चची काच बसवली. आत घड्याळाच्या जुन्या सेलवर चालणारा एक लाल दिवा घातला आणि मागून काळी वायर सोडली. वायर भिंतीतल्या भोकातून आत येत होती आणि आत आल्यावर कपाटामागे संपत होती. डबा घराच्या कोपऱ्यावर ठोकून हे खाली उतरले आणि लांबून बघून म्हणाले, "मले बी खराच वाटून राहिला."

सगळ्यांनाच वाटला. दूधवाला त्याच्यासमोर थांबून केस विंचरायला लागला. समोरच्या बाई त्या दिवसापासून आमच्या घरासमोरून डोक्यावर पदर घेऊन जायला लागल्या. वाडीतलं एक पान हललं नाही. हे खूश होते.

मग गल्लीच्या टोकाला पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस आला. त्याची बकरी सकाळपासून दिसत नव्हती.

"काकाजी, जरा फुटेज पाहा ना. तुमच्या कॅमेऱ्यात तर सारी गल्ली येते."

मला वाटलं, आता हे खरं सांगून टाकतील. पण हे आत गेले, कपाटासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "नऊ वाजता तलावाकडे गेली. एकटीच होती."

बकरी तलावाच्या पाळीवर सापडली. यांनी सकाळी नऊला दात घासताना तिला जाताना पाहिलं होतं, एवढंच. पण गल्लीत बातमी झाली की कॅमेऱ्यात बकरीसुद्धा ओळखू येते. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. गॅसवाला येऊन गेला का? पोरगं शाळेकडेच गेलं ना? गाडीला ओरखडा कोणी पाडला? आणि प्रत्येकाला उत्तर देता यावं म्हणून हे सकाळी सातपासून खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागले. वाडीला पाणी मी घालायचे. जेवणाचं ताट मी खिडकीत न्यायचे. गल्लीतून कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय होतं, हे सगळं हे ओठ हलवत मनात म्हणत राहायचे.

"लिहून तरी ठेवा," मी म्हटलं.

"कॅमेरा लिहून ठेवते का?"

एकाने विचारलं, रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं? हे छताकडे बघून म्हणाले, "सात दिवस." मी रात्री भांडी घासता घासता विचारलं, सातच का? तर म्हणाले, त्याच्या मागचं आठवत नाही. एकदा तर मला म्हणाले, "दुपारी दीड ते दोन माझा डोळा लागते, तू बस. लाईट गेली होती म्हणून किती वेळा सांगू?" मग दीड ते दोन मी कॅमेरा झाले. पस्तीस वर्षं वर्गावर नजर ठेवली होती, त्यामुळे ते मला जमलं.

पंधरा-वीस दिवस असेच गेले असतील. एका सकाळी समोरच्या बाई आल्या, फाटकात न थांबता थेट आत. खुर्चीवर बसल्या नाहीत. यांच्याकडे न बघता, भिंतीतून आलेल्या त्या वायरीकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, थे माझं पुसून टाका ना."

"काय पुसू?"

"आता माहीत नसल्यासारखं नका करू जी. थे लवकी."

हे गप्प. मी गप्प. आमच्या गप्प बसण्याने त्या आणखी घाबरल्या असाव्यात, कारण मग सगळंच बाहेर आलं. वांगी त्यांनी नेलेली, फुलं त्यांनी, डबेही त्यांनीच. डब्यांत त्यांनी तूर भरून ठेवली होती. "अन थे लवकी तर शिजलीच नाई. कुकरच्या नऊ शिट्ट्या केल्या. शेवटी तशीच फेकली." आणि त्या रडायला लागल्या. लवकीसाठी की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही.

लवकी गेली तेव्हा कॅमेरा नव्हताच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हे उठले, कपाटासमोर जाऊन उभे राहिले, काहीतरी दाबल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पुसलं."

त्यांनी ते दोघी-चौघींना सांगितलं असणार, कारण पुढच्या आठ दिवसांत माणसं पुसून घ्यायला यायला लागली. मागच्या गल्लीतले एक पेन्शनर आमची गोडनिंबाची कुंडी हातगाडीवर घेऊन आले. झाड हातभर वाढलेलं होतं आणि त्यांनी शेणखतही घातलं होतं. एक बाई आली, तिने आमचं काहीच नेलं नव्हतं, तिने आमच्या भिंतीआड उभं राहून सासूला शिव्या दिल्या होत्या. तेही यांनी पुसलं. हे आता हसत नव्हते. "लोक किती भिऊन राहतात," एवढंच एकदा म्हणाले.

उन्हाळ्यात माकडं गावात उतरतात. त्या संध्याकाळी एक मोठं माकड आमच्या कोपऱ्यावर आलं, कॅमेरा उपटला आणि पंक्चरच्या दुकानाच्या टिनाच्या छपरावर जाऊन बसलं. आम्ही दोघं त्याच्यामागे धावलो. खाली चहाला आठ-दहा माणसं जमलेली. माकडाने झाकण काढलं. आतून दिवा पडला, आणि तळाशी चिकटलेली पावडर उडून माकडाचं सगळं तोंड पांढरं झालं. डबा खाली रस्त्यावर आला तेव्हा खरवडलेल्या रंगातून त्यावरची गुलाबाची फुलं दिसत होती.

मग पंक्चरवाल्याने विचारलं, "मंग माह्या बकरीले कोणी पाहिलं?"

"मीच," हे म्हणाले.

"अन सात दिवसाचं रेकॉर्डिंग?"

"थे बी माह्याच डोक्यात."

पंक्चरवाल्याने उठून यांना स्वतःचं स्टूल दिलं. पण समोरच्या बाई आपल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

पाच दिवस त्या बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, चल, माफी मागून येऊ. ज्या बाईने आमची वाडी लुटली तिची माफी मागायला आम्ही दोघं गल्ली ओलांडून गेलो. मला हसू येत होतं, यांना येत नव्हतं.

"तुमी पाहिलंच नाई," त्या म्हणाल्या, "अन मी सारं सांगून बसली! माझी इज्जत फुकटात गेली ना जी!"

"चुकलं आमचं," हे म्हणाले. चहा झाला. मग यांच्यातला मिस्त्री जागा झाला. "एक विचारू? तुमी शिरत कुठून होत्या?"

बाईंनी पदर खोचला आणि आम्हाला आमच्याच वाडीत घेऊन आल्या. फाटकाच्या कडीला तेल कशाला घालता? करकरू द्या. वांगी रस्त्याच्या बाजूला आणि एरंडी आत, असं कोणी लावतं का? उलटं करा. कुंड्या एकमेकींना साखळीने बांधा. वाटेवर गिट्टी पसरा, डब्यांत भरून काय उपयोग? आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे तार वाकलेली आहे, तिथे बोरीच्या काट्या टाका. "मी अथूनच येत होती. काट्या असत्या तर आली नसती. लुगडं फाटते."

यांनी सगळं सांगितलं तसं केलं. नवीन काही विकत आणावं लागलं नाही. साखळीसुद्धा मिलमधलीच, जुन्या कन्व्हेअरची. त्या वर्षी वांगी इतकी झाली की मीच वाटत फिरले.

मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मागच्या कोपऱ्यातल्या काट्याच गेल्या. कोणीतरी आपल्या कुंपणाला नेल्या असणार. वाडीतलं बाकी काही हललं नव्हतं. हे बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. एवढ्या काट्या नुसत्या हातांनी नेल्या कशा, हेच यांना समजत नव्हतं. त्यानंतरचा आठवडाभर कोणी गल्लीतून जाताना नमस्कार केला की हे खिडकीतून वाकून आधी त्याचे तळहात बघायचे.