तेल दिलेल्या खुंट्या

कराडास मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बसून मी तालुक्याचे अर्ज लिहीत असे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मजकुरावर भल्याभल्या वकिलांनी मान डोलावलेली आहे. परंतु स्वतःच्या मुलीचे नांदणे माझ्या लेखणीस साधले नाही. लढाईच्या दिवसांत सासरच्यांनी तिला पुन्हा माघारी धाडले. तिच्या पाठीवरचे वळ कोणत्या शब्दांत मांडावेत, हे मला सुचले नाही.

एकच वाट उरली होती. सांगलीच्या एका कन्याशाळेस गायन शिकविणारी बाई हवी होती. दसरा उलटताच मुलीने तेथे गाऊन दाखवावयाचे होते. न जमल्यास तिला सासरी पोचते करावे, असे भाऊबंदांनी ठरवून टाकले होते.

खंडेनवमीस घरातील हत्यारे पूजेस मांडली. पलटणीतून रजेवर आलेल्या माझ्या मेहुण्याने कोयता, विळी साफ केली. मुलीच्या मिरजेच्या तंबोऱ्याच्या खुंट्या कुरकुरतात असे पाहून त्याने त्याही उपसल्या, बंदूक पुसावी तशा मायेने तेलात घोळल्या आणि परत बसविल्या.

दुसऱ्या दिवशी तार चढवावी, आणि हात काढताच ती उतरावी!

"अरे, काय केलेस हे?"

"आवं दाजी, लय करकरत हुत्या. आता बगा कशा लोण्यावानी फिरत्यात!"

"फिरू नयेत म्हणूनच त्या घट्ट असतात, शहाण्या!"

"मग खिळंच ठोकायचं हुतं की," म्हणून तो हसला, आणि भाचीच्या तोंडाकडे पाहताच खडू शोधावयास उठला.

खडूची पूड चोळली, तिचा तेलात लगदा झाला. राख लावली. खुंट्यांवर चिंधी गुंडाळली. मिरजेचे कारागीर सणामुळे दुकान बंद करून गेलेले. अखेरीस तीन तारा कशाबशा ठरल्या. उरलेली, मधल्या जोडातील तार काही केल्या ठरेना.

ठरल्या दिवशी सांगलीच्या शाळेत मुलगी तंबोरा घेऊन बसली. मी तिच्या मागे गुडघे टेकले आणि ती खुंटी दोन्ही हातांनी आवळून धरली.

"आपण साथीदार का?" मुख्याध्यापिकांनी विचारले.

"मी बाप आहे," एवढेच मी बोललो.

मुलगी गाऊ लागली. माझ्या तळव्यांना घाम सुटला, आणि घामात तेल मिसळले. खुंटी मुंगीच्या पावलाने मागे सरकत होती. तार उतरत चालल्याचे मला बोटांत कळत होते. मुलीलाही कळत असावे, कारण तिच्या मानेची शीर ताठली. मी ओठ चावून दाबत राहिलो. एवढ्या काकुळतीने मी कोणत्याही साहेबापुढे उभा राहिलेलो नाही.

गाणे संपले. मुख्याध्यापिकांनी माझ्या हातांतल्या खुंटीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ दे हिला. तंबोरा मात्र दुरुस्तीला टाका."

मुलगी मागे वळून हळूच म्हणाली, "आबा, झालं. सोडा आता."

बोटे उघडेनात. शेवटी तिनेच ती एकेक करून सोडविली.