गाठ बांधलेलं सरपण

मुलांनो,

तुमच्या अथर्वने पाळणाघरातून दुसऱ्या मुलाची खेळण्यातली मोटार खिशात घालून आणली, तेव्हापासून तुम्ही दोघं या आजीला फोनवर विचारता आहात, की प्रामाणिकपणा माणसात मुळातच असतो की शिकवावा लागतो, आणि शिकवायचा तर कसा. याचं उत्तर माझ्या पहिल्या शाळेतल्या सोमीने माझ्यापेक्षा बरं दिलं असतं. पण तीन आठवड्यांपूर्वी सोमी गेली. तिच्या नातीचा फोन आला, "आजी गेली, बाई," एवढंच ती म्हणाली. तेव्हा उत्तर आता मलाच लिहायला हवं.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. नागपूरला बी.ए. होऊन मी आरमोरीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी शिक्षिका म्हणून गेले. वय एकवीस, सोबत ट्रंकभर इंग्रजी पुस्तकं, आणि दिसेल ते नीट लावून ठेवण्याची खोड. शाळेत झाडायला, पाणी भरायला सोमी होती. ती गोंड, माझ्याच वयाची, अक्षरओळख अजिबात नाही. मुलांना नीती शिकवायची म्हणून मी भिंतीवर दहा नियमांचा तक्ता लावला. त्यात 'चोरी करू नये' तांबड्या शाईत. मुलं रोज सकाळी तो एका सुरात म्हणत. एकदा झाडता झाडता सोमीने विचारलं, "बाई, रोज काऊन सांगून राह्यल्या? कोनाचं काई गेलं का?"

मग तपासणी आली. तपासणीच्या शेऱ्यावर माझी नोकरी पक्की व्हायची होती. नाहीतर नागपूरला परत, आणि तिथे वडिलांनी माझ्यासाठी एक वकील शोधून ठेवला होता. सोमी मार्कंड्याच्या जत्रेला गेलेली, म्हणून शाळा मी एकटीनेच आवरली. मागच्या मोहाच्या झाडाखाली वाळक्या लाकडांचा ढीग पडला होता, त्यावर गवताचा कसलासा गुंता. गुंता काढून फेकला, लाकडं लांबीप्रमाणे लावली आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या स्वयंपाकासाठी चुलीपाशी नेऊन ठेवली. तपासणीच्या सकाळी सोमी परतली. पेटलेल्या चुलीपाशी थांबली, लाकडांकडे पाहिलं, आणि त्याच जाळावर भात शिजवू लागली.

साहेब आधी जेवले. लाखोळीच्या डाळीचं वरण दोनदा मागून घेतलं. मग वर्गात येऊन तक्ता पाहिला, खूश झाले, आणि पुढे बसलेल्या रुखमाला विचारलं, चोरी म्हणजे काय? सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मला वाटलं, पोरं बुजली. मी मान हलवून रुखमाला धीर दिला. ती उभी राहिली. "बाईनं सोमीचं सरपन जाळलं, थे." जरा विचार करून पुढे म्हणाली, "अन् साहेब जेवले त्याच्यावर."

जंगलात जमवलेलं ठेवून जायचं असेल तर त्यावर गवताची गाठ बांधतात, आणि गाठीखालच्या वस्तूला कोणी हात लावत नाही, महिना लोटला तरी. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून. साहेबांनी सोमीला बोलावून विचारलं, तू तक्रार का केली नाहीस? ती म्हणाली, "तक्रार कायची? मले पाटी वाचता येत नाई, बाईले गाठ वाचता येत नाई."

साहेब भारावले. या लोकांत प्रामाणिकपणा उपजतच असतो, असं ते मला म्हणाले आणि मी लगेच मान डोलावली. त्या क्षणी मला काहीही मान्य होतं. सोमीला मात्र ते पटलं नाही. "उपजत कायचा, साहेब? मी लहानपनी मावशीचं टोपलंभर मोहफूल चोरलं होतं." मग आईने मारलं असेल, असं साहेबांनी विचारलं. "नाई. मावशी गावाले गेलती. माय म्हणे, आता थे येतपर्यंत तूच राख. चार दिवस राखलं. कोंबड्या हाकलल्या, बकऱ्या हाकलल्या. एक पोरगी हात लावाले आली, तिले मीच बदडलं."

शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, 'शिक्षिका होतकरू आहेत. शिकत आहेत.' नोकरी राहिली, वकील गेला. तुमचे आजोबा वकील नसून पोस्टात का होते, ते यावरून समजा.

दुसऱ्याच दिवशी सोमीबरोबर जंगलात जाऊन मी लाकडं आणली, मोहाखाली रचली आणि वर स्वतः गाठ बांधली; वेणीच्या रिबिनीला काढतात तसं छान फूल काढून. सोमी हसून हसून खालीच बसली. "राहू द्या, बाई. कोनी बांधली थे तरी समजते." त्यानंतर वर्गात कोणी दुसऱ्याची लेखणी पळवली, की सगळ्या वर्गाच्या लेखण्या मी त्याच्याकडे राखायला देई. बहुतेक वेळा उपाय लागू पडला. एकाने मात्र त्या सगळ्याच पळवल्या, हेही सांगायला हवं. सोमीला ते सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला अजून चार दिवस झाले नसतील.

तिची नात सांगते, गावात आता गॅस आला, सरपणाला फारसं कोणी जात नाही. मोहफुलांच्या टोपल्यांवर मात्र गाठ अजून बांधतात. कोणी फूल काढून बांधली, तर तिला 'बाईगाठ' म्हणतात. तिलाही कोणी हात लावत नाही.