‘होय’च्या रकान्यातली खूण

माझी ताई डायलिसिसच्या पेशंटांची व्हॅन चालवते. एकोणीस वर्षं चालवत होती, मग मध्ये आठ महिने चालवू दिली नाही, आता पुन्हा चालवते. त्या मधल्या आठ महिन्यांची गोष्ट मला सांगायची आहे, कारण तिची सुरुवात माझ्या तोंडातून झाली.

आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन फेऱ्या, फेरीला सात माणसं. चार तास मशीनला जोडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगात त्राण नसतं. गाडीचा एक आचका बसला तरी पोटात ढवळतं. ताईला सगळे खड्डे पाठ होते. कुठल्या चौकात किती आधी वेग कमी करायचा, कुठल्या काकूंना दारापाशी तीन पायऱ्या आहेत म्हणून गाडी उलटी लावायची, सगळं. एकोणीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही.

माणसांत मात्र तिचा नन्नाचा पाढा. समारंभाला नेली तर जिन्याखाली जाऊन बसायची. मामाने हौसेने नवं घर दाखवलं तेव्हा म्हणाली, “जिना चुकीच्या बाजूला बांधलाय.” मामाने वर्षभर अबोला धरला. नातेवाइकांत ती शिष्ट, माणूसघाणी. आईने आयुष्यभर तिची बाजू सांभाळत माफ्या मागितल्या आणि ताईला कळायचंच नाही की माफी कशाची.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला स्वमग्नता आहे असं निदान झालं. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, “घरात आणखी कुणी अशा स्वभावाचं?” मी म्हणून गेले, “अगदी माझी ताई!” म्हटल्यावर मीच चपापले. पण घरी येऊन सांगितल्यावर ताईने ते मनावर घेतलं. मी तिला त्याच बाईंकडे नेलं, तीन वेळा तपासण्या झाल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या हातात तिच्याही निदानाचा कागद आला. माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तिने तो दोनदा वाचला.

“म्हणजे मी उद्धट नव्हते,” ती म्हणाली. नंतर चहा प्यायली, कप धुतला आणि घरी गेली. इतकी हलकी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

चार महिन्यांनी तिचं लायसन्स रिन्यू करायची वेळ आली. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर होते, तिचा फोन आला.

“त्यांनी विचारलंय.”

“कोणी? काय?”

“फॉर्ममध्ये. यादी आहे. फिट येते का, हृदयविकार आहे का. या वर्षी त्यात स्वमग्नता घातलीय. निदान झालंय का, होय किंवा नाही.”

“मग ‘नाही’वर खूण कर आणि मोकळी हो.”

“ते खरं नाही.”

“ताई, कुणाला कळणार आहे?”

“मला कळलेलंच आहे ना.”

समोर गिऱ्हाईक चिठ्ठी नाचवत होतं. मी म्हटलं, “कर तुला काय करायचं ते.” तिने ‘होय’वर खूण केली.

डेपोतल्या दुसऱ्या ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. “आम्ही काय सगळे धुतल्या तांदळासारखे आहोत? मला डाव्या डोळ्याने निम्मं दिसतं. बोललो कधी?” ताईने त्याला तिथेच सांगितलं, “आठ दिवसांत तू सांग, नाहीतर मी सांगते. तुझ्या गाडीत माणसं असतात.” त्याने तिला काय नाही ते ऐकवलं, पण डोळे तपासायला गेला. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, महिन्याभराने तो स्वच्छ डोळ्यांनी पुन्हा गाडीवर.

ताईला मात्र पत्र आलं. वैद्यकीय अहवाल मिळेपर्यंत परवाना स्थगित.

अहवाल देणं सोपं होतं, असं आम्हाला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पानभर लिहून दिलं की या स्थितीचा यांच्या गाडी चालवण्यावर परिणाम होत नाही. ते परत आलं: आमच्या नमुन्यात द्या. नमुन्यात प्रश्न होते, शेवटचा झटका कधी आला, औषध कधीपासून चालू आहे. बाईंनी सगळीकडे ‘लागू नाही’ लिहिलं. तोही परत आला. शेरा होता, ‘माहिती अपूर्ण’.

बाईंनी नियम शोधून काढला. त्यात स्पष्ट होतं की गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तरच कळवायचं. फॉर्ममधून ती ओळ गळली होती. नियमाची प्रत घेऊन आम्ही दोघी आरटीओत गेलो. मी अर्धा दिवस रजा टाकली. टोकन, बाक, वर गरगरणारा पंखा. ताई दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली. नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या माणसाने प्रत उलटसुलट पाहिली. वाईट नव्हता बिचारा, दमलेला होता.

“बाई, नियम काय म्हणतो ते वरचे बघतात. मला फॉर्म काय म्हणतो तेवढंच दिसतं. ‘होय’ला खूण आहे.”

“पण प्रश्नच चुकीचा विचारलाय,” ताई म्हणाली.

“उत्तर तर बरोबर दिलंत ना? मग झालं.”

आम्ही पाच वेळा गेलो. दर वेळी एक कागद जास्त.

तोवर डेपोच्या मॅनेजरसाहेबांनी, कामावरून काढायला नको म्हणून, ताईला फोनवर बसवलं. त्यांच्या मते उपकारच. चार फोन, सगळे एकदम वाजणार, पलीकडे रडवेली नाहीतर संतापलेली माणसं. ताईला याहून वाईट शिक्षा शोधूनही सापडली नसती. ती संध्याकाळी माझ्याकडे येऊन कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसायची. जेवायला चल म्हटलं तर हात वर करायची, म्हणजे थांब. कधी तासभर. गळ्याची हाडं दिसायला लागली.

एकदा मला राहवलं नाही. “मीच तुला तिथे नेलं. माझंच चुकलं.”

“तू नेलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“मग बरंच झालं असतं!”

तिने गुडघे पोटाशी घेतले. मग म्हणाली, “ते मला अजून ठरवता आलेलं नाही.”

सातव्या महिन्यात गाडी चालवून दाखवायला बोलावलं. परीक्षक शेजारी बसला, मी मागे. तो म्हणाला, “पुढे डावीकडे घ्या.”

“पहिल्या वळणावर की दुसऱ्या?”

“पुढे हो, पुढे.”

तिने गाडी बाजूला घेतली, दिवा लावला, थांबवली. “दोन्ही पुढेच आहेत.”

माझा जीव टांगणीला लागला. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. पण दुसऱ्याच मिनिटाला उभ्या ट्रकच्या मागून एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात आले. मला दिसायच्या आत ताईचा पाय ब्रेकवर गेला होता. गाडी इतकी अलगद थांबली की परीक्षकाच्या मांडीवरचं पेन घरंगळलंसुद्धा नाही. “चाकांखालून बूट दिसले,” ती म्हणाली. त्यापुढे तो नीट बोलला. दुसऱ्या वळणावर डावीकडे, शाळेनंतर उजवीकडे.

आठव्या महिन्यात परवाना आला, एका वर्षाचा. बाकीच्यांना तीन वर्षांचा मिळतो. कारण लिहिलं होतं, ‘स्थिती आजीवन असल्याने दरवर्षी तपासणी आवश्यक.’

ताई खिडकीवर गेली. “आजीवन म्हणजे बदलणार नाही. मग दरवर्षी काय बघणार?”

त्या माणसाने चष्मा काढून डोळे चोळले. “मलाही तेच वाटतं. लेखी द्या.”

तिने लेखी दिलं. उत्तर नाही.

ती गाडीवर परतली तेव्हा सकाळच्या फेरीतल्या सातांपैकी तिघे उरले होते. एकाला किडनी मिळाली होती. एक मुलाकडे राहायला गेले. पुढच्या सीटवर बसणारे मास्तर आणि तीन पायऱ्यांच्या काकू वारले होते. मास्तर शेवटपर्यंत विचारत होते म्हणे, आपली बाई कधी येणार. हे त्यांच्या सुनेने माझ्या दुकानात औषधं घेताना सांगितलं, आणि मी ताईला. ती म्हणाली, “मग चार दारं नव्याने पाठ करायला हवीत.” आणि सुट्टीच्या दिवशी रिकामी गाडी घेऊन ती चारही नवे पत्ते फिरून आली.

मधे आमच्या घरी चहाला आलेल्या मामाने विषय काढला. “एवढा मनस्ताप! एक खूण इकडची तिकडे केली असती तर?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. “मग दर वेळी गाडी सुरू करताना आठवलं असतं.”

 मामा चहा संपवून गेला.

गेल्या आठवड्यात वर्ष भरलं. मी पुन्हा अर्धी रजा टाकली. फॉर्म तोच होता, प्रश्नही तोच. ताईने खूण केली, बाईंचं नवं पत्र जोडलं, आणि आम्ही बाकावर दीड तास बसलो. ती माझ्या खांद्याला टेकली, जे ती एरवी कधी करत नाही. नंबर पुकारला. खिडकीत नवा माणूस होता, त्याला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं.

“बोला बाई, काय प्रॉब्लेम आहे?”

“प्रॉब्लेम नाही,” ताई म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.